राजा ओळखण्याच्या खुणा

आमच्या घरात सकाळी माझा आवाज नसतो. उठल्यापासून दुपारची प्रार्थना होईपर्यंत मी मौन पाळते. पुष्कळ वर्षांचा नेम आहे. घरच्यांनी तो आधी कुरकुरत आणि मग सोयीने स्वीकारला. दादा म्हणतो, "या घरात एक तरी माणूस अर्धा दिवस गप्प असतं, ही देवाचीच कृपा." दादा म्हणजे माझा भाऊ. तो, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी, एवढे आम्ही तीन खोल्यांत राहतो. मोठी मुलगी सात वर्षांची. तिला आम्ही वकीलबाई म्हणतो. का, ते पुढे कळेलच. धाकटा पाच वर्षांचा, गोल तोंडाचा, कुठल्याही टेबलाखाली मावणारा. तो बोका.

दोघंही शाळेत जात नाहीत. वकीलबाई काही महिने गेली होती. तिथे एक मुलगी तिचा डबा रोज खायची. वकीलबाई आठवडाभर रडली आणि मग तिने शेजारच्या मुलाचा डबा खायला सुरुवात केली. हे कळलं त्या दिवशी वहिनीने ठरवलं, लिहायला-वाचायला कुणीही शिकवील, माणूस मात्र घरातच घडवायचा. औषधांच्या प्रयोगशाळेत ती चांगल्या जागेवर होती. ती जागा तिने सोडली. दादा म्हणाला, "नीट विचार कर." वहिनी म्हणाली, "केला." आमच्याकडे मोठे निर्णय असेच होतात.

घरी शिकवायचं तर शिक्षण खात्याची परवानगी लागते आणि ती दर वर्षी नव्याने मिळवावी लागते. खात्यातून कुणीतरी येतं, मुलांशी बोलतं आणि ठरवतं, की ही घरीच राहतील की पुढच्या सत्रापासून कोपऱ्यावरच्या मोठ्या शाळेत जातील. पहिल्या वर्षी आलेले गृहस्थ चहा पिऊन, सही करून गेले. यंदा त्यांची बदली झाली होती आणि नव्या बाई फार कडक असल्याचं कानावर येत होतं. वहिनीचा जीव टांगणीला लागला होता. मुलांना परीक्षेतून सोडवून घरी आणलं, तर परीक्षाच जिना चढून वर येणार होती.

वहिनीचा सगळा भर गोष्टींवर. "उपदेश केला की मुलं कान मिटतात, गोष्ट सांगितली की तोंड उघडतात," असं ती म्हणे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. रोज न्याहारीनंतर खिडकीशी सतरंजी पडायची आणि गोष्ट सुरू व्हायची. गोष्टी तिच्या स्वतःच्या, भांडी घासताना रचलेल्या. एक थकलाभागला वाटसरू दाराशी येतो, सगळे त्याला हाकलतात, एक मुलगी त्याला पाणी देते. वाटसरू अंगावरची घोंगडी टाकतो तर आत राजा. एक वाकलेली म्हातारी मोळी उचलून द्या म्हणते, श्रीमंत बाई नाक मुरडते, एक मुलगा मोळी उचलतो; म्हातारी ताठ उभी राहते तर परी. कधी राजा, कधी परी, कधी साक्षात देवदूत. वहिनीच्या गोष्टीत गरीब माणूस शेवटपर्यंत गरीब राहिला, असं मी कधी ऐकलं नाही. आणि मी रोज ऐकत असे. कोपऱ्यात माळ घेऊन बसलेल्या माणसाचं तोंड बंद असतं, कान थोडेच असतात?

गोष्ट संपली की वहिनी विचारायची, "मग आपण काय शिकलो?"

बरोबर उत्तराला काचेची एक गोटी. ती चांगुलपणाच्या बरणीत टाकायची; बरणी भरली की नदीवर सहल. वकीलबाईचं उत्तर तोंडात तयारच असे. "दिसण्यावरून माणसाची किंमत करू नये." टण्. "दुसऱ्याचं भलं करणाऱ्याचं भलं होतं." टण्. पुढे पुढे ती गोष्ट अर्ध्यावर असतानाच उत्तर देऊन मोकळी होऊ लागली आणि उरलेली गोष्ट कुणाला सांगायची, हा वहिनीला प्रश्न पडू लागला.

कारण बोका ऐकतच नसे. तो त्या वेळी टेबलाखाली असायचा, प्रथमोपचाराचा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन. जखमेवर लावायच्या चिकट पट्ट्यांचं त्याला वेड. खुर्चीच्या चिरलेल्या पायाला पट्टी, कान तुटलेल्या कपाला पट्टी, दादाच्या फाटक्या चपलेला दोन. बरणीत त्याच्या नावाची एकही गोटी नव्हती. बरणीच्या टवक्यावर पट्टी मात्र होती.

"पालथ्या घड्यावर पाणी," दादा म्हणायचा.

"घडा तेवढा शाबूत राहील," वहिनी म्हणायची. "कुठे चीर दिसली की लगेच पट्टी."

वकीलबाईने गोष्टींचा जो अभ्यास केला होता, तो तिच्या आईनेही केला नसेल. राजा ओळखण्याच्या खुणा तिने काढल्या होत्या आणि टेबलाखाली वाकून ती त्या बोक्याला शिकवत असे. कपडे फाटके असतात, पण तळहात मऊ असतात. एखादी अंगठी काढायची राहून गेलेली असते. बोलणं हुकूम सोडल्यासारखं. आणि सगळ्यात मोठी खूण, तो कधीही सांगत नाही की मी परीक्षा घ्यायला आलोय. "जो सांगतो तो नसतो," वकीलबाई बजावायची. "आणि आपण ओळखलंय हे आपणही दाखवायचं नसतं. नाहीतर बक्षीस जातं."

त्यामुळे आमच्या दाराशी येणाऱ्यांची मोठी चैन झाली होती. टपालवाल्याला पाणी मिळे, कचरा नेणाऱ्या बाईला खुर्ची मिळे, आणि पाणी देता देता वकीलबाई हळूच त्यांचे तळहात बघून घेई. चैन टिकत मात्र नसे.

"दूधवाला नाही," तिने एकदा जाहीर केलं. "मी त्याला तीनदा पाणी दिलं. काहीच झालं नाही."

त्या दिवसापासून दूधवाल्याचं पाणी तुटलं. घरच्यांना तर ते कधी सुरूच झालं नव्हतं. बोक्याने बिस्किटातलं अर्धं मागितलं तर ती म्हणे, "तुला कशाला? तू बोकाच आहेस, मला माहितीय."

एका दुपारी, तोंड मोकळं झाल्यावर, मी वहिनीला म्हटलंसुद्धा, "ही पाणी देते ती तहान बघून नाही गं, तळहात बघून."

वहिनी हसली. "वन्सं, सवय तर लागतेय ना? मन मागाहून येईल. तुम्हीच नाही का म्हणत, आधी नेम, मग भक्ती?"

मी ते खरोखरच म्हणते.

तपासणीच्या दिवशी सकाळी ओट्याखालचा पाइप फुटला. तसा तो बरेच दिवस गळत असणार, पण बोक्याने त्यावर एकावर एक इतक्या पट्ट्या लावून ठेवल्या होत्या की गळती कुणाच्या लक्षातच आली नाही. त्या दिवशी पट्ट्यांनी हात टेकले. वहिनीने घर लख्ख केलं होतं, दिवाणखान्यातल्या चांगल्या खुर्चीवर मखमली उशी ठेवली होती, सोनेरी काठाचे कप काढले होते, ताटलीत बिस्किटं रचली होती. आणि स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी.

नळवाला लगेच आला, हे आमचं नशीब. दाढी वाढलेली, शर्ट खांद्यावर उसवलेला, आणि बोटात पिवळ्या खड्याची भली मोठी अंगठी. ओट्याखाली डोकं घालून तो म्हणाला, "वरून पाणी बंद करा आधी. मग बघतो."

आता वरचा कॉक गच्चीवर, गच्चीला कुलूप, किल्ली रखवालदाराकडे आणि रखवालदार नेहमीप्रमाणे जागेवर नाही. वहिनीने घड्याळाकडे पाहिलं. "वन्सं, मी किल्ली शोधून आलेच. मुलांकडे बघा. बाई आल्याच तर नीट बसवून घ्या." मी मान डोलावली. ती पायऱ्या उतरून गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, की कुणालाही नीट बसवून घ्यायला निदान एक शब्द लागतो. लिहून सांगणं माझ्या नेमात बसत नाही. ती पळवाट मी सुरुवातीलाच बुजवली होती.

वकीलबाईची नजर अंगठीवर खिळली होती. तिने बोक्याला कोपराने ढोसलं. मग ती आत गेली आणि मखमली उशी घेऊन आली.

"काका, गुडघ्याखाली घ्या."

नळवाल्याने उशीकडे पाहिलं, वकीलबाईकडे पाहिलं आणि उशी घेतली. मागोमाग सोनेरी काठाच्या कपात पाणी आलं. मग बिस्किटांची ताटली आली. मी हातवारे करून ती परत ठेव म्हणून सांगितलं.

"आत्या म्हणते, सगळी घ्या," वकीलबाईने भाषांतर केलं.

"घरात संस्कार आहेत हां," नळवाला तोंडात बिस्किट असतानाच म्हणाला. हुशार माणूस. हे काय चाललंय ते त्याला कळलं नव्हतं, पण चाललंय ते चालू द्यावं हे कळलं होतं. "मलई-बिलईची नाहीत का? असू दे. चहा कोण करतं इकडे?"

वकीलबाईने माझ्याकडे विजयाने पाहिलं. हुकूम सोडल्यासारखं बोलणं.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात एक बाई उभ्या होत्या. कडक इस्त्रीचे कपडे, चामड्याची पिशवी, काखेत फाइल, पायात नवेकोरे चकचकीत बूट. अत्तराचा मंद वास. वकीलबाईने दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीतून त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आई आहे का घरात?"

"तुम्ही कोण?"

"मी खात्यातून आले. तुम्ही दोघं काय शिकता ते बघायला." बाई हसल्या. "म्हणजे छोटीशी परीक्षाच म्हण."

झालं. जो सांगतो तो नसतो. फटीला लावलेला वकीलबाईचा डोळा निवला. तिला बाईंची जागा सापडली होती. वहिनीच्या प्रत्येक गोष्टीत नाक मुरडणारी, चांगल्या कपड्यांतली एक श्रीमंत बाई असते आणि शेवटी तिला धडा मिळतो.

मी उठून साखळी काढली, हात जोडले आणि चांगल्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"या कोण?" बाईंनी विचारलं.

"आत्या. ती सकाळी बोलत नाही."

"बरं नाही का त्यांना?"

"शाप आहे," बोका टेबलाखालून म्हणाला. "दुपारी सुटतो."

बाई खुर्चीकडे निघाल्या. "तिथे नाही," वकीलबाई म्हणाली. "तिची उशी काकांना दिलीय. तुमच्यासाठी हे." आणि तिने भाजी निवडायचं पाटाएवढं बुटकं स्टूल सरकवलं. मग पाणी आणलं. बोक्याची पट्टी लावलेल्या, कान तुटक्या कपातून. श्रीमंत बाईला असंच द्यायचं असतं, म्हणजे तिला कळतं.

एक वाक्य पुरलं असतं. "बाई, इकडे बसा, मुलांची आई आत्ता येईल," एवढंच. ते माझ्या ओठांशी येऊन थांबत होतं. वहिनीची सोडलेली नोकरी मला दिसत होती, कोपऱ्यावरची शाळा दिसत होती. पण नेम मोडला, तर कुणासाठी मोडला याचा जबाब वर द्यावा लागतो. आणि "खात्याच्या बाईंसाठी" हा जबाब काही माझ्या गळी उतरेना. मी माळेचे मणी जरा जोरात ओढले.

"अहो, कुणी बॅटरी धरता का?" आतून नळवाला ओरडला. "मला आत दिसत नाही काही."

"काकांना उजेड हवाय," वकीलबाई बाईंना म्हणाली. "तुम्ही धरा. तुमचं भलंच होईल."

मला वाटलं, झाला निकाल. पण त्या बाईही वेगळ्याच निघाल्या. त्यांनी फाइल स्टुलावर ठेवली, वाकून पायांतले नवे बूट काढले, पाण्यात उतरल्या आणि बॅटरी धरली. मी मागून दारात जाऊन उभी राहिले. त्यांच्या डाव्या टाचेला बूट चावला होता. कातडं सोललं होतं आणि रक्ताची बारीक धार पाण्यात उतरत होती. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. पायऱ्या चढतानाही दुखत असणार.

"थोडं डावीकडे, बाई," नळवाला म्हणाला. "हात हलवू नका हो."

"तुला गोष्टी आवडतात ना?" बॅटरी स्थिर धरून बाईंनी वकीलबाईला विचारलं. कामाला आलेल्या बाई, काम सोडीनात. "मग सांग. एक म्हातारी आहे. डोक्यावर ओझं, दमलीय. तू रस्त्यात भेटलीस. काय करशील?"

"आधी तिचे तळहात बघीन."

"का गं?"

"मऊ असले तर ती परी. मग ओझं घ्यायचं."

"आणि खरखरीत असले तर?"

वकीलबाई विचारात पडली. "तरी घ्यायचं. दोनदा-तीनदा घेऊन बघायचं."

"समज, ती नुसती म्हातारी आहे. परी नाही, राणी नाही, कुणीच नाही. मग?"

वकीलबाईने बाईंकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तशी गोष्टच नसते," ती म्हणाली.

माझ्यामागे श्वास अडकल्याचा आवाज आला. वहिनी किल्ली हातात घेऊन उभी होती, तीन मजले चढून धापा टाकत. तिने सगळं ऐकलं होतं. ओट्याखाली मखमली उशीवर नळवाला, बाजूला रिकामी ताटली, आणि गुडघ्यापर्यंत कपडे ओले झालेल्या तपासनीस बाई अनवाणी बॅटरी धरून उभ्या. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. कितीतरी सकाळी सतरंजी अंथरून तिने जे पेरलं होतं, ते सगळं एकदम उगवून तिच्या समोर उभं होतं.

"नमस्कार," बाई म्हणाल्या. "तुमच्या गोष्टी फार चांगल्या लक्षात राहतात हं."

तोवर बोका पाण्यातून छपछप करत बाईंच्या मागे येऊन उकिडवा बसला होता. त्याने त्यांची टाच हातात घेतली, सदऱ्याने पुसली आणि डब्यातली पट्टी काढून त्यावर चिकटवली. ओल्या कातडीवर ती धरेना, म्हणून वर दुसरी लावली, आडवी. मग अंगठ्याने दाबून बसला.

"तुला कुणी सांगितलं रे?" बाईंचा आवाज जरा बदलला होता.

बोका गोंधळला. एवढं साधं कुणी विचारतं का? "गळत होतं," तो म्हणाला.

बाई वहिनीला म्हणाल्या, "हा कुठल्या गोष्टीतून शिकला हे?"

खरं बोलण्याच्या तर वहिनीने डझनभर गोष्टी रचल्या होत्या. ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "हा... रोज असतो गोष्टीच्या वेळी." हे खोटं नव्हतं. टेबल सतरंजीला लागूनच होतं.

"असतो, पण ऐकत नाही," वकीलबाई म्हणाली. तिला अन्याय सहन होत नाही. "त्याला एक पण गोटी मिळाली नाहीये. बरणी आणू?" आणि आणलीच. बरणी गळ्यापर्यंत भरली होती. "ह्या सगळ्या माझ्या. तो फक्त पट्ट्या लावतो. हा पाइपपण त्यानेच बिघडवला."

"तो मुळात सडलेलाच होता," नळवाला आतून म्हणाला, आणि त्या सकाळी त्याने केलेलं एवढंच धर्माचं काम.

पाणी बंद झालं, फरशी पुसली गेली, राजा आपली मजुरी घेऊन गेला. वर थोडी जास्तच घेतली. उशी भिजली तिचं काही म्हणाला नाही. बाई चांगल्या खुर्चीवर, उशीविना, बसल्या आणि फाइल उघडून लिहू लागल्या. वहिनी समोर उभी, साडीचा भिजलेला काठ पिळत.

"परवानगी देतेय मी," बाई मान वर न करता म्हणाल्या. वहिनीने काठ सोडला. "मोठीचं आकलन उत्तम आहे, प्रश्नच नाही. धाकट्याचं मात्र अवघड आहे. गोष्ट ऐकतो का, नाही. लक्ष देतो का, नाही. तात्पर्य सांगतो का..." त्यांनी बोक्याकडे पाहिलं. तो त्यांच्या बुटाला आतून पट्टी लावत होता.

"पण त्याने तर..." वहिनी म्हणाली.

"मी पाहिलं ना. टाचेवरच आहे." बाईंनी सुस्कारा सोडला. "पण त्याला रकाना नाही हो. कुठे लिहू? लक्ष, आकलन, तात्पर्य, एवढे तीनच आहेत. पुढच्या वर्षीपर्यंत त्याला गोष्टी ऐकायची सवय लावा. नाहीतर मी असले तरी मला काही करता येणार नाही."

जाताना त्या जिना अगदी सरळ उतरल्या, लंगडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी वहिनीने नवी गोष्ट सांगितली. एक म्हातारी होती, ओझं घेऊन चालली होती, एका मुलीने ते उचललं, घरापर्यंत पोचवलं. म्हातारी म्हणाली, बरं झालं बाई, आणि दार लावून घेतलं.

वकीलबाई थांबून राहिली. "मग?"

"मग काही नाही. मुलगी घरी गेली."

"पण ती कोण होती?"

"म्हातारी."

"आई," वकीलबाई शांतपणे म्हणाली, "ही गोष्ट नाहीये. हे नुसतं घडलंय."

आणि बोका, ज्याला मुद्दाम टेबलाखालून काढून समोर बसवलं होतं, तो सतरंजीच्या उसवलेल्या टोकाला पट्टी लावत होता. वहिनीने तशा गोष्टी आणखी काही दिवस रेटून पाहिल्या. लक्ष, आकलन, तात्पर्य. बोका तिन्हींत शून्य. शेवटी तिने राजा परत आणला. या वेळी हत्तीसकट आणला. अंगावरची घोंगडी पडताच आतला मुकुट कसा चमकतो ते तिने ताटली उन्हात धरून दाखवलं. बोक्याचं तोंड उघडलं.

हळूहळू तो ऐकायला लागला. आणि एके सकाळी, "मग आपण काय शिकलो?" म्हटल्यावर बोका म्हणाला, "मदत केली की राजा निघतो." टण्. घरात टाळ्या झाल्या. दादाने त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही टाळी वाजवली. मौनात टाळी चालते.

त्यानंतर लवकरच मी सकाळी भाजी चिरत होते आणि सुरी बोटावर आली. खोल नव्हतं, पण रक्त थांबेना. बोका डबा घेऊन धावत आला, सवयीनेच. माझा हात हातात घेतला. आणि मग तो थबकला. त्याने माझा हात उलटा केला आणि तळहात बघू लागला. अंगठ्याने दाबून पाहिला. बोटं तपासली, अंगठी नव्हती.

"आत्या," त्याने विचारलं, "तू आत्याच आहेस ना? नुसती?"

मी होकारार्थी मान डोलावली. नुसतीच.

त्याने डब्यात पाहिलं. आत एकच पट्टी होती. त्याने एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा दाराकडे. दारात आज कोण येईल, काही सांगता येत नाही. डब्याचं झाकण त्याने मिटलं नाही, पण त्याचा हात झाकणावर गेला.

तपासनीस बाईंसाठी जे माझ्या गळी उतरलं नव्हतं, ते त्या झाकणावरच्या हातासाठी कसं उतरलं, मला सांगता येणार नाही.

"गळतंय रे," मी म्हटलं.

बोका दचकला. सकाळचा माझा आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता. पण शब्द ओळखीचा होता. त्याने खाली पाहिलं, फरशीवर थेंब पडत होते, आणि क्षणात पट्टी सोलून माझ्या बोटाला गुंडाळली. अंगठ्याने दाबून बसला, पूर्वी बसायचा तसा. मला इतकं बरं वाटलं, की नेमाचं दुःख करायला मला दुपारपर्यंत सवड झाली नाही.

माझा आवाज ऐकून वकीलबाई आतून धावत आली. "आत्या बोलली? सकाळी? काय केलंस तू?"

"पट्टी लावली," बोका म्हणाला.

वकीलबाईचे डोळे विस्फारले. "शाप सुटला," ती हळूच म्हणाली. "बघ. मी सांगत नव्हते? घरातच होतं कुणीतरी." आणि तिने बरणी आणून बोक्याच्या हाताने तीत एक गोटी टाकवली. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. एकदा मोडलेला नेम दुसऱ्यांदा मोडायचा तर निदान समजावून सांगता येण्यासारखं काही हवं.

दुपारी देवापुढे बसून मी झालं ते सांगितलं. तो काही बोलला नाही. त्याचं मौन माझ्यापेक्षा जुनं आहे आणि दुपारी सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आसनाशेजारी सोनेरी काठाच्या कपात पाणी ठेवलेलं होतं आणि पाठीला मखमली उशी. दाराआडून दोन डोकी बघत होती. मी पाणी प्यायले. बोलले मात्र नाही. आज पुन्हा कप होता. दूधवाल्याला तीनदा मिळालं होतं; बघू या, मला किती दिवस मिळतंय.